वर्ल्ड टूरमधली बढती आणि घसरण: आमच्या रविवारच्या ग्रुपचे नेहमीचे प्रश्न

रविवारी पहाटे सायकलवरून येऊरचा चढ संपवून आम्ही उपवनला तळ्याकाठी चहाला टेकतो, आणि हेल्मेट काढता काढता कुणीतरी विचारतंच: "ताई, ते टीम खाली जाण्याचं काय प्रकरण आहे?" गेल्या तीन वर्षांत हेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्या वेळा आले की शेवटी सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून काढली. सवडीने वाचा. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सायकलिंगमध्ये टीम "खाली जाते" म्हणजे नक्की काय होतं?

पुरुषांच्या व्यावसायिक रोड सायकलिंगमध्ये टीमच्या तीन पायऱ्या आहेत. सगळ्यात वर वर्ल्डटीम, मग प्रोटीम, मग काँटिनेंटल टीम. वर्ल्डटीमच्या जागा १८. टूर दी फ्रान्स, इटलीतली जिरो, स्पेनमधली व्हुएल्टा आणि वर्ल्ड टूर या सर्वोच्च मालिकेतल्या बाकी शर्यतींत या १८ टीमना हक्काने जागा मिळते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, म्हणजे यूसीआय, हा परवाना तीन वर्षांसाठी देते. तीन वर्षांच्या गुणांत पहिल्या अठरात बसलात तर परवाना टिकतो किंवा नव्याने मिळतो, नाहीतर प्रोटीम व्हावं लागतं.

मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्यांना कांगा लीग सांगितली की हे पटकन कळतं. तिथेही ए पासून जी पर्यंत डिव्हिजन आहेत आणि क्लब वरखाली होतात. फरक एवढाच की कांगा लीगमध्ये एक पावसाळा पुरतो, इथे तीन मोसमांचा हिशेब लागतो.

२. दरवर्षी का नाही ठरवत?

एका मोसमावर ठरवलं तर मुख्य रायडरचं कॉलरबोन मोडलं की अख्खी टीम बुडेल. तीन वर्षांत असे अपघात सगळ्यांच्याच वाट्याला येतात आणि बेरीज समतोल होते. पहिलं चक्र २०२० ते २०२२, दुसरं २०२३ ते २०२५, आणि आता २०२६ ते २०२८ चालू आहे. चक्र संपलं की पाटी कोरी, सगळे शून्यापासून. मला ही पद्धत न्याय्य वाटते, पण तिची एक बोचरी बाजू आहे, ती प्रश्न ८ मध्ये.

३. गुण मिळतात कशाचे?

शर्यतीच्या दर्जाप्रमाणे. २०२३ पासून टूर दी फ्रान्स जिंकणाऱ्याला १३००, जिरो किंवा व्हुएल्टा जिंकणाऱ्याला ११००, आणि मिलान–सानरेमो, पॅरिस–रूबे यांसारख्या पाच मोठ्या एकदिवसीय शर्यतींना, ज्यांना 'मॉन्युमेंट' म्हणतात, ८००. टूरचा एक टप्पा, म्हणजे एका दिवसाची शर्यत, जिंकला की २१०. खालच्या दर्जाची, १.१ वर्गातली एकदिवसीय शर्यत जिंकली की १२५.

नवीन माणूस एक गोष्ट हमखास विसरतो. गुण फक्त जिंकणाऱ्याला नाहीत. टूरच्या अंतिम यादीत साठाव्या क्रमांकापर्यंत गुण आहेत. रात्री नऊच्या सुमारास टीव्हीवर विजेता हात वर करतो आणि आपण चॅनेल बदलतो, तेव्हा मागे सतरावा आणि अठरावा अजून जीव तोडून पॅडल मारत असतात. ते उगाच नाही.

४. मग टीमचे गुण म्हणजे सगळ्या रायडरची बेरीज का?

नाही. आपल्या दहावीच्या 'बेस्ट फाइव्ह'सारखं आहे. सहा विषयांतले चांगले पाच धरायचे, तसं टीममधल्या त्या वर्षीच्या सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या २० रायडरचे गुण धरतात. वर्ल्डटीममध्ये साधारण ३० रायडर असतात, म्हणजे शेवटच्या दहाबारा जणांचे गुण हिशेबात येतच नाहीत. पहिल्या चक्रात फक्त दहाच जणांचे धरायचे. २०२३ पासून वीस केले, त्यामुळे एकदोन मोठी नावं घेऊन भागत नाही, अख्खी टीमच तगडी लागते. हा बदल मला मनापासून आवडला. मुख्य रायडरसाठी पाणी वाहून आणणाऱ्या साध्या रायडरलाही आता एखाद्या लहान शर्यतीत स्वतःसाठी मोकळं सोडतात, कारण त्याचे साठ-सत्तर गुण टीमला हवे असतात.

५. टूरचे दोन टप्पे जिंकलेली टीम त्याच वर्षी खाली गेली, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि या प्रश्नाने मला स्वतःला या विषयात ओढलं.

२०२२ च्या टूरमध्ये इस्राएल–प्रीमियर टेकच्या सायमन क्लार्कने दगडी रस्त्यांवरचा आरेनबेर्गचा पाचवा टप्पा जिंकला, तोही चाकाच्या रुंदीएवढ्या फरकाने. मग सोळाव्या टप्प्यात ह्यूगो ऊलने फ्वाला एकट्याने येऊन विजय मिळवला. तो विजय त्याने आपल्या दिवंगत भावाला वाहिला. टीमसाठी याहून मोठा जुलै असू शकत नाही.

आता हिशेब बघा. तेव्हा टूरच्या एका टप्प्याला १२० गुण होते, म्हणजे दोन्ही मिळून २४०. त्याच काळात बेल्जियममधल्या कुठल्याही १.१ दर्जाच्या शर्यतीला १२५ होते, म्हणजे दोन साध्या शर्यतींचे २५०. ज्या विजयासाठी लोक आयुष्यभर सायकल चालवतात त्याची किंमत एका लहान गावच्या शर्यतीपेक्षा पाच गुण कमी होती. मोसम संपला तेव्हा इस्राएल–प्रीमियर टेक आणि लोट्टो–सूदाल खाली गेले, आणि अल्पेसिन–डेक्युनिंक व आर्केया–सॅमसिक वर आले. चार वेळचा टूर विजेता क्रिस फ्रूम त्या वेळी इस्राएलच्या टीममध्येच होता.

ओरड झाली आणि ती योग्यच होती. २०२३ पासून टूरच्या टप्प्याचे १२० चे २१० झाले, मॉन्युमेंटचे ५०० चे ८०० आणि टूरच्या विजेतेपदाचे १००० चे १३०० झाले.

६. एकाच टीमचे तीन जण स्प्रिंटमध्ये एकमेकांना मदत न करता वेगवेगळे का पळतात?

हा प्रश्न आमच्यातल्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी सोडवला. ते दोनशे पानी वहीत शर्यतींचे निकाल लिहून ठेवतात, समासात लाल पेनाने गुण. एकदा चहाच्या बाकावर वही पसरून त्यांनी दाखवलं: १.१ शर्यतीत पहिल्याला १२५, दुसऱ्याला ८५, तिसऱ्याला ७०, चौथ्याला ६०, पाचव्याला ५०, सहाव्याला ४०. "आता बघ," म्हणाले, "एक जण जिंकला आणि बाकीचे त्याच्यासाठी राबून मागे पडले, तर १२५. आणि कुणीच जिंकलं नाही, पण तिघं चौथे, पाचवे, सहावे आले तर?" साठ, पन्नास, चाळीस. दीडशे.

हरून जास्त मिळतं. घसरणीच्या छायेतल्या टीमचे डावपेच इथून बदलतात. जिंकण्यासाठी सगळं पणाला लावण्याऐवजी जास्तीत जास्त माणसं पहिल्या दहात कशी येतील ते बघितलं जातं. अनेक जाणत्यांना हे खटकतं, सायकलिंगचा आत्माच जातो असं ते म्हणतात. मला तसं वाटत नाही. सहाव्या क्रमांकासाठी जीव काढणारा माणूस मला पहिल्याइतकाच बघावासा वाटतो, आणि या पद्धतीने त्याच्या धडपडीला किंमत दिली. मात्र एखादा हुशार तरुण रायडर हल्ला चढवायचं सोडून घोळक्यात सुरक्षित बसून सातवा येतो, तेव्हा वाईट वाटतं हेही खरं.

७. खाली गेलं तर एवढं काय बिघडतं? शर्यती तर चालूच राहतात.

टूरची खात्री जाते, आणि टूर म्हणजे पैसा. रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नसतं. टीमना प्रक्षेपणाच्या पैशातला ठरलेला वाटाही मिळत नाही. जवळजवळ सगळा खर्च प्रायोजकावर चालतो, आणि प्रायोजकाला आपलं नाव जुलैमध्ये तीन आठवडे टीव्हीवर दिसायला हवं असतं. ते दिसेल याची हमी संपली की पुढचा करार लहान होतो किंवा होतच नाही. चांगले रायडर दुसरीकडे बघू लागतात. मेकॅनिक, मसाज करणारे, बसचे ड्रायव्हर यांची नावं कुठल्या यादीत नसतात, पण नोकरी त्यांचीही जाते.

८. लोट्टो खाली गेली तरी २०२३ ला टूरमध्ये दिसली. मग शिक्षा कसली?

खाली गेलेल्या टीमसाठी एक दार उघडं ठेवलेलं आहे. तीन वर्षांच्या हिशेबाने परवाना ठरतो, पण निमंत्रणासाठी फक्त आदल्या एका वर्षाची यादी बघतात. त्या यादीतल्या सर्वोत्तम दोन प्रोटीमना पुढच्या वर्षी वर्ल्ड टूरच्या शर्यतींचं आपोआप निमंत्रण मिळायचं. २०२६ साठी ही संख्या तीन झाली. त्याखेरीज आयोजक स्वतःच्या पसंतीने 'वाइल्ड कार्ड' देतात.

लोट्टोचं २०२२ वर्ष प्रत्यक्षात चांगलं गेलं होतं. वीस वर्षांच्या आर्नो द लीने लहानमोठ्या शर्यती मिळून नऊ विजय मिळवले. त्यांना मारलं ते २०२० आणि २०२१ ने. म्हणजे टीम सावरली होती तेव्हाच खाली गेली, जुन्या दोन वर्षांच्या ओझ्याने. प्रश्न २ मध्ये म्हटलेली बोचरी बाजू हीच. पण खाली गेल्यावर त्यांना एक सोय मिळाली जी वर्ल्डटीमना नव्हती: नको असलेली शर्यत नाकारण्याची. २०२३ चा जिरो त्यांनी सरळ सोडून दिला आणि आपली ताकद सोयीच्या शर्यतींसाठी राखली.

९. गुणवाला रायडर विकत घेतला तर त्याचे गुण टीमला मिळतात का?

आता नाही. गुण ज्या जर्सीत मिळवले त्याच टीमकडे राहतात. नवीन टीमला त्याने तिथे आल्यावर मिळवलेले गुणच मिळतात.

पूर्वी तसं नव्हतं, आणि त्यातून आशियाशी जोडलेली एक गोष्ट घडली. २०१२ च्या सुमारास परवाना ठरवताना रायडरचे जुने गुण त्याच्याबरोबर नव्या टीमकडे जायचे. इराणच्या मेहदी सोहराबीने आशियाई शर्यतींत भरपूर गुण जमवले होते. बेल्जियमच्या लोट्टोने त्याला घेतलं. त्याच वर्षी फ्रान्सच्या एजे-टू-आरने इराणच्याच आमिर झरगारीला घेतलं. दोघंही चांगले रायडर, पण त्यांना बोलावण्यामागे पायांइतकाच खात्यावरच्या गुणांचा विचार होता. माणसापेक्षा त्याची गुणपत्रिका मोलाची ठरली. ती पद्धत गेली ते बरं झालं.

१०. अस्ताना वाचली कशी? सगळे म्हणत होते संपली.

२०२५ सुरू झालं तेव्हा कझाकस्तानची ही टीम तीन वर्षांच्या यादीत सुरक्षित जागेपासून हजारो गुण मागे होती. २०२४ मध्ये त्यांनी मार्क कॅव्हेंडिशला टूरमधला पस्तिसावा टप्पा जिंकून दिला, एडी मर्क्सचा विक्रम मोडला. तो दिवस मी कधीच विसरणार नाही. पण हिशेबात त्याचे २१० गुणच होते.

मग चीनची सायकल कंपनी एक्सडीएस प्रायोजक म्हणून आली आणि अलेक्झांडर विनोकुरोव्हच्या टीमने दिशाच बदलली. एकाच आठवड्यात दोन-तीन ठिकाणी तुकड्या पाठवायच्या, लहान शर्यतींत पूर्ण ताकदीने उतरायचं, आणि प्रत्येक शर्यतीत तीन-चार जण वरच्या क्रमांकात आणायचे. प्रश्न ६ मधलं काकांचं गणितच, पण वर्षभर. वॉट पूल्सने टूर ऑफ तुर्की जिंकली. जिरोच्या सोळाव्या टप्प्यात डोंगरावर क्रिस्तियन स्कारोनी आणि लोरेन्झो फोर्तुनातो दोघेच पुढे राहिले आणि एकमेकांना धरून रेषा ओलांडली. टप्पा स्कारोनीला, दुसरा क्रमांक फोर्तुनातोला, आणि फोर्तुनातो पुढे सर्वोत्तम डोंगर चढणाऱ्याची निळी जर्सीही घेऊन गेला. त्या वर्षाच्या यादीत ही टीम पहिल्या पाचात आली आणि परवाना वाचला.

त्या वर्षी टूरच्या विजेत्याच्या पिवळ्या जर्सीपेक्षा मी हीच शर्यत जास्त पाहिली. घोडबंदर रोडला गायमुखपाशी थांबून आम्ही फोनवर तुर्कस्तानातले, इटलीतले निकाल उघडायचो आणि आधी अस्तानाचा आठवा कोण, नववा कोण ते शोधायचो.

११. २०२५ संपताना शेवटी कोण वर, कोण खाली?

लोट्टो आणि इस्राएल–प्रीमियर टेक दोघी गुणांवर परत वर आल्या. इस्राएलची टीम आता एनएसएन या नावाने चालते. आर्केया आर्थिक अडचणीत सापडून बंद पडली. कोफिडिस खाली गेली. आणि मोठा पेच असा की लोट्टो आणि इंटरमार्शे या दोन बेल्जियन टीम एकत्र आल्या. दोन जागांची एक झाली, एक खुर्ची रिकामी राहिली आणि ती नॉर्वेच्या उनो-एक्सला मिळाली, जी गुणांवर अठराच्या बाहेर होती. पिकनिक पोस्टएनएल ही टीम काठावर टिकली. त्यांचा ऑस्कर ऑनली टूरमध्ये चौथा आला, त्याचा मोठा आधार झाला.

१२. म्हणजे गुण पुरेसे असले की परवाना नक्की?

नाही. यूसीआयचा परवाना आयोग आर्थिक, प्रशासकीय, संघटनात्मक आणि नैतिक निकषही बघतो. बँक हमी लागते, पगार वेळेवर होतील याची खात्री लागते. गुणांचा क्रम खरा कामाला येतो तो अठरापेक्षा जास्त पात्र अर्ज आले तर. जागा रिकामी राहत असेल तर मागचा उमेदवारही आत येतो (प्रश्न ११ मधली उनो-एक्स). उलट कितीही गुण असले आणि पैसे नसले तर काही उपयोग नाही.

१३. विश्वविजेतेपदाला रायडर देशासाठी खेळतो. ते गुण कुणाला?

त्याच्या टीमलाच. पुरुषांची विश्वविजेतेपदाची रोड रेस ९०० गुणांची आहे. तादेय पोगाचार स्लोव्हेनियाच्या जर्सीत जिंकतो आणि गुण यूएई टीमच्या खात्यात जमा होतात. राष्ट्रीय स्पर्धांनाही हेच लागू आहे. जूनच्या शेवटी युरोपभर एकाच शनिवार-रविवारी राष्ट्रीय शर्यती होतात, तेव्हा काठावरच्या टीम डोळ्यात तेल घालून निकाल बघतात.

१४. रायडरला दंड झाला की गुणही कापतात का?

काही चुकांसाठी हो. ठरलेल्या जागेबाहेर बाटली किंवा कचरा टाकला तर पैशाच्या दंडाबरोबर त्या रायडरचे गुणही वजा होतात. २०२१ पासून हा नियम कडक झाला. पाम बीच रोडवर एनर्जी जेलची पाकिटं टाकणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

१५. बायकांच्या टीमलाही हे आहे का?

आहे. तिथे पहिल्यांदा २०२५ च्या अखेरीस तो कस लागला, तेव्हा परवाना दोन वर्षांच्या गुणांवर ठरला. जागा कमी आहेत. बाकी तत्त्व तेच.

१६. आपल्याकडे जानेवारीत पुण्याला शर्यत झाली. तिथे पोगाचारची टीम का नाही आली?

जानेवारी २०२६ मधली पुणे ग्रँड टूर २.२ दर्जाची होती, म्हणजे अनेक दिवसांची (पहिला आकडा २) आणि २.१ पेक्षा एक पायरी खालची. या दर्जाच्या शर्यतीत वर्ल्डटीमना भाग घेताच येत नाही, म्हणून बोलावून येण्याचा प्रश्नच नव्हता. अंतिम विजेत्याला ४० गुण, टप्पा जिंकणाऱ्याला ७. आकडे लहान वाटतात, पण तुलना टूरशी करू नका. काँटिनेंटल पातळीवरच्या रायडरसाठी हेच ४० गुण वरच्या टीमचं लक्ष वेधायचं साधन आहेत. आपल्या पोरांना घराजवळ, एक्सप्रेस-वे ओलांडून, अधिकृत गुणांची शर्यत मिळाली, हे मला फार मोलाचं वाटतं. शर्यतीचा दर्जा वाढून २.१ झाला तर विजेत्याला १२५ गुण आणि वर्ल्डटीमना दार उघडं.

१७. आपली एखादी भारतीय टीम गुण जमवून प्रोटीम होऊ शकते का?

गुणांवर आपोआप चढण्याचा नियम फक्त वरच्या दोन पायऱ्यांमध्ये आहे. काँटिनेंटलची प्रोटीम व्हायला वेगळा अर्ज, किमान वीस रायडर, युरोपच्या तोडीचा खर्च आणि हमी लागते. आधी पैसा आणि माणसं, मग गुण.

१८. कोफिडिस आता परत येऊ शकते का, आणि पुढचा निकाल कधी?

येऊ शकते, लोट्टो आणि इस्राएलने तीन वर्षांत तेच केलं. शिवाय २०२५ च्या यादीवर टुडर आणि पिनारेलो–क्यू३६.५ यांच्याबरोबर कोफिडिसलाही २०२६ साठी आपोआप निमंत्रण मिळालं (प्रश्न ८ पाहा), म्हणजे टूरमध्ये त्यांची जुनी लाल जर्सी दिसतच राहणार. पुढचा हिशेब २०२८ च्या ऑक्टोबरात, चीनमधली ग्वांगशी आणि जपान कप या मोसमाच्या शेवटच्या शर्यती झाल्या की. काकांनी नवी वही घातली आहे. पहिल्या पानावर अठरा टीमची नावं आहेत आणि खाली एक रेघ मारून कोफिडिस.